बोअरहोलच्या प्रतिमेतल्या खोट्या भेगा: माझा अनुभव

ॲकॉस्टिक टेलिव्ह्यूअर म्हणजे बोअरहोलमध्ये (खडकात खोदलेल्या अरुंद, खोल भोकात) सोडायचं उपकरण; ते ध्वनिलहरी सोडून भिंतीची प्रतिमा, म्हणजे लॉग, बनवतं. त्या लॉगमधून खडकातल्या भेगा आपोआप शोधणारा प्रोग्रॅम माझ्याकडे आला, तेव्हा त्याच्याबद्दल एकच तक्रार होती: त्याला जिथे तिथे भेगाच दिसतात. त्याची यादी तपासत बसण्यापेक्षा स्वतः लॉग वाचलेला लवकर व्हायचा. सगळ्यांचा पहिला सल्ला ठरलेला, ‘थ्रेशोल्ड (भेग मानायला लागणारे किमान गुण) वाढव.’ वाढवून पाहिला. फिकट, बारीक पण खऱ्या भेगा गेल्या आणि ठसठशीत खोट्या होत्या तिथेच राहिल्या. खोट्या भेगा अंधूक असतात हे गृहीतकच चुकीचं होतं.

मग मी आकड्यांचा नाद सोडला आणि प्रोग्रॅमने दाखवलेली पण माणसाने नाकारलेली प्रत्येक भेग उघडून तिथे नेमकं काय आहे ते लिहायला लागलो. कंटाळवाणं काम, पण पुढचं सगळं त्यातूनच सुचलं.

बोअरहोलची प्रतिमा म्हणजे उभी चिरून सपाट पसरलेली कागदाची नळी. सपाट, तिरकी भेग त्यावर साइन वक्र होऊन उमटते. उभ्या बोअरहोलमध्ये वक्राच्या शिखरापासून तळापर्यंतच्या उंचीला व्यासाने भागलं की नतीचा, म्हणजे भेग आडव्या पातळीशी करते त्या कोनाचा, टॅन्जंट मिळतो. ९६ मिलिमीटर व्यासात ४५ अंशांची भेग ९६ मिलिमीटर उंच दिसते, ६० अंशांची १६६, पण ८० अंशांची थेट ५४४ मिलिमीटर. आमची खिडकी, म्हणजे प्रोग्रॅम एका वेळी बघतो तो प्रतिमेचा तुकडा, ३० सेंटीमीटर उंचीची होती. साधारण ७२ अंशांच्या पुढची भेग तिच्यात मावतच नव्हती. तिचा तुकडा दिसला की प्रोग्रॅम त्यावर भलताच वक्र बसवायचा. खिडकी एक मीटर केली आणि ही जात जवळजवळ संपली. प्रतिमेचे ० आणि ३६० अंशांचे काठ एकमेकांना जोडून दिल्यावर शिवणीवरचे तुटके वक्रही गेले.

सर्वांत चिवट निघाल्या त्या खोट्या तीव्र, म्हणजे जवळजवळ उभ्या, भेगा. उपकरण मध्यावरून सरकलं की ॲम्प्लिट्यूडच्या (परत आलेल्या आवाजाच्या जोराच्या) प्रतिमेत समोरासमोर दोन उभे गडद पट्टे येतात. खोदकामामुळे भिंतीला पडणारे ताणाचे तडे आणि खडकातल्या दाबामुळे ढासळलेली भिंत, म्हणजे ब्रेकआउट, यांच्याही जोड्या समोरासमोर, १८० अंशांवरच असतात. आणि तीव्र साइन वक्राच्या दोन बाजूही १८० अंशांवरच! प्रोग्रॅम दोन पट्ट्यांवर वक्राच्या दोन बाजू टेकवून मोकळा व्हायचा, गुणही भरपूर द्यायचा. पण शिखराशी आणि तळाशी बघा, तिथे काहीच नसायचं.

म्हणून घेराचे आठ भाग केले आणि एकूण गुणाऐवजी प्रत्येक भागात पुरावा आहे का, हे विचारायला लावलं. शिखर आणि तळ रिकामे असतील तर भेग बाद. अर्थात काही खऱ्या भेगा भिंतीवर अर्ध्यातच विरतात. त्या फेकून न देता ‘अर्धवट’ म्हणून वेगळ्या काढल्या. त्या माणसानेच बघाव्यात असं माझं मत आजही आहे.

दुसरी कसोटी ट्रॅव्हल टाइमची, म्हणजे आवाजाला भिंतीवरून परत यायला लागणाऱ्या वेळेची. उघड्या भेगेपाशी आवाजाला परत यायला जास्त वेळ लागतो, म्हणून ती ॲम्प्लिट्यूड आणि ट्रॅव्हल टाइम अशा दोन्ही प्रतिमांत दिसते. खनिजाने भरलेली भेग किंवा नाइस या पट्टेदार खडकातल्या गडद-फिकट पट्ट्या बहुधा फक्त ॲम्प्लिट्यूडमध्ये दिसतात. यातून उघडी भेग सुटी करता आली. पण भरलेली भेग आणि खडकाची मूळची पट्टी यांत फरक करताना अनुभवी माणसांचंही एकमत होत नाही, तिथे प्रोग्रॅमला काय बोल लावायचा? ‘भेग आहे की नाही’ हा प्रश्नच बदलून उघडी, भरलेली, पट्टी असे वर्ग केले. कोअरशी, म्हणजे खोदताना बाहेर काढलेल्या खडकाच्या दंडगोलाशी, ताडून पाहिलं, पण कोअर काढताना तो स्वतःही मोडतो, त्यामुळे कोअर जिथे मोडला तिथे प्रत्येक वेळी भेग असतेच असं नाही.

दुबार नोंदी मात्र झटपट आटोपल्या. रुंद भेगेच्या वरच्या आणि खालच्या काठावर दोन वक्र बसायचे. जवळच्या खोलीवरचे, जवळपास समांतर वक्र एक करायचे, इतकंच. फक्त ‘समांतर’ ठरवताना नती आणि नतिदिशा (भेग कोणत्या दिशेला कललेली आहे ती दिशा) यांचे आकडे वेगवेगळे ताडून पाहू नयेत. ३५९ आणि १ या दिशांत दोनच अंशांचं अंतर आहे, आणि जवळजवळ आडव्या भेगेच्या नतिदिशेला फारसा अर्थच नसतो. दोन भेगांच्या प्रतलांवरच्या लंबांमधला कोन घेतला की दोन्ही भानगडी मिटतात.

हे सगळं खरंच सुधारलं का, हे तपासताना एक पथ्य पाळलं: चाचणीसाठी एक अख्खं बोअरहोल बाजूला ठेवलं. एकाच बोअरहोलच्या एकमेकांवर चढणाऱ्या खिडक्या प्रोग्रॅमच्या शिकवणीत आणि चाचणीत वाटल्या, तर निकाल फुगून येतो.

चुरा झालेल्या पट्ट्यात मात्र यातलं काहीच चालत नाही. तिथे एकेक वक्र शोधणं मी बंद केलं आहे. ‘इतक्यापासून इतक्या खोलीपर्यंत खडक भग्न’ अशी एकच नोंद करतो आणि भेगांच्या मोजणीतून तो टप्पा वगळतो.