तमन नेगारात रेल-बॅबलर पाहायचा असेल तर

नावात ‘रेल’ आहे, ‘बॅबलर’ही आहे. पण हा पक्षी ना पाणकोंबडीच्या कुळातला, ना आपल्या सातभाईंच्या. त्याचं कुळ वेगळं आणि त्या कुळात तो एकटाच. जवळचे नातलग आहेत ते थेट आफ्रिकेत. दक्षिण थायलंड, मलेशिया, सुमात्रा आणि बोर्निओच्या वर्षावनांत जमिनीवर चालत राहणारा हा पक्षी पाहायला मी मार्चमध्ये मलेशियातल्या तमन नेगारा राष्ट्रीय उद्यानात चार दिवस काढले.

क्वालालंपूरहून जेरांतुट आणि तिथून गाडीने क्वाला तहान. मुक्काम गावात, जंगल नदीपलीकडे. पहाटेची पहिली होडी किती वाजता सुटते ते आदल्या रात्रीच विचारून ठेवा.

पहिले दोन दिवस मी नुसता चालत राहिलो, तिथेच चुकलो. एकच लांब, बारीक, सरळ शीळ यायची. पाय तिकडे वळायचे, वाळकी पानं वाजायची आणि शीळ बंद. त्यात गार्नेट पिट्टा या तिथल्याच दुसऱ्या पक्ष्याची शीळही जवळपास तशीच. फक्त तिचा आवाज हळूहळू वाढत जातो आणि एकदम तुटतो. हा फरक घरूनच कानात बसवून या.

तिसऱ्या दिवशी एका आडव्या खोडाला टेकून बसलो. पाऊण तासाने पालापाचोळ्यातून तो चालत आला. तांबूस तपकिरी अंग, लांब मान, डोळ्यातून मानेवर उतरणारा काळा पट्टा आणि त्याच्या वर पांढरा. पावलागणिक कोंबडीसारखी मान पुढेमागे. माझ्यापासून सातआठ हातांवर थांबला, शीळ घातली, आणि मानेच्या बाजूची निळी कातडी फुगली. कॅमेरा मांडीवरच राहिला. उचलला असता तर तो गेला असता.

मोबाइलवर त्याची शीळ वाजवून त्याला बोलावू नका, ही कळकळीची विनंती. सखल भागातली जंगलं तोडली गेल्यामुळे तो आधीच संकटाच्या उंबरठ्यावर आहे. पक्षी पाहायला आलेल्या दर गटाने अशी हाक दिली तर आपल्या हद्दीत दुसरा पक्षी घुसलाय असं समजून त्याचा दिवस त्या परक्याला हुसकावण्यातच जाईल.

नोव्हेंबर ते जानेवारी पाऊस फार, ते महिने टाळा. जळवा मात्र बाराही महिने असतात. गुडघ्यापर्यंतचे जळवांचे मोजे घ्या, कपडे गडद रंगाचे ठेवा, आणि बसायला एक पातळ चटई नक्की न्या. ओल्या जमिनीवर तासभर न हलता बसायचं तर तिचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो.