विश्वाच्या चतुःसीमा

आकाशदर्शनाच्या रात्री दुर्बिणीपुढची रांग ओसरत आली की कोणीतरी हा प्रश्न विचारतोच: "बाई, विश्व जिथे संपतं, त्याच्या पलीकडे काय आहे?" अलीकडे त्याला दुसरा प्रश्न जोडून येतो: "तुम्ही सरळ उत्तर का देत नाही?" या दुसऱ्या प्रश्नाने मी दुखावते, म्हणून एकदा सविस्तर लिहिते. मी टाळाटाळ करत नाही. एकाच वाक्यात तुम्ही दोन प्रश्न विचारत असता. त्यांपैकी एकाचे उत्तर मला बऱ्यापैकी येते, दुसऱ्याचे कोणालाच येत नाही, आणि हा फरक थंडीत उभ्याउभ्या समजावून सांगता येत नाही.

पहिला प्रश्न दिसणाऱ्या विश्वाच्या हद्दीचा आहे. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे आहे. सर्वांत जुना प्रकाश जिथून निघाला ते ठिकाण, मधल्या काळात अवकाश ताणले गेल्यामुळे, आज आपल्यापासून सुमारे ४,६०० कोटी प्रकाशवर्षांवर आहे. तिथे भिंत नाही. विश्व पहिली ३ लाख ८० हजार वर्षे अपारदर्शक होते. ते निवळल्यावर मोकळा झालेला प्रकाश १९६५ साली सूक्ष्मलहरींच्या रूपात ओळखला गेला आणि त्यामागचे आपल्याला प्रकाशाने दिसत नाही, एवढाच त्या हद्दीचा अर्थ. तिथल्या एखाद्या दीर्घिकेतून, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहातून, कोणी आपल्याकडे पाहत असेल, तर त्याच्या हद्दीवर आपण आहोत आणि आपल्या पाठीमागे काय आहे हा त्याचा प्रश्न आहे. आपल्या पाठीमागे दीर्घिका आहेत. त्याच्याही पाठीमागे दीर्घिकाच असाव्यात, हे मी फारसे न कचरता सांगते.

दुसरा प्रश्न साऱ्या विश्वाचा आहे: ते कुठे संपते का, आणि संपत असेल तर पुढे काय? इथे माझा आवाज खाली येतो. त्याचे कारण शास्त्रात जितके आहे तितकेच माझ्या घरातही आहे.

माझे वडील भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. ३३ फुटांची साखळी, शंकू, टिपणवही आणि पायी तुडवलेले बांध यांत त्यांचा जन्म गेला. २००९ हे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र वर्ष होते, म्हणून त्या वर्षी इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावी देवळाच्या सभामंडपात माझे व्याख्यान ठेवले होते. मी अडीच तास बोलले, चित्रे दाखवली, फुगा फुगवून त्यावरचे ठिपके कसे दूर जातात तेही दाखवले. शेवटी प्रश्न विचारायला सांगितले, तेव्हा खांबाला टेकून बसलेले अण्णा उठले. मुलीच्या कार्यक्रमात प्रश्न विचारावा की नाही या संकोचाने ते आधी दोनदा उठता उठता बसले होते, हे मी पाहिले होते. ते म्हणाले, "खरेदीखतात जमिनीच्या चतुःसीमा लिहाव्या लागतात. पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण, दक्षिणेस काय, उत्तरेस काय. तुझ्या विश्वाच्या चतुःसीमा काय लिहायच्या?"

मी म्हणाले, "अण्णा, हा प्रश्नच चुकीचा आहे. उत्तर ध्रुवाच्या उत्तरेला काय आहे, असं विचारण्यासारखं आहे हे."

लोक हसले. मला तेव्हा ते हसणे माझ्या उत्तराला मिळालेली दाद वाटले. अण्णा काही न बोलता खाली बसले, मांडीवरच्या उपरण्याची घडी मोडून त्यांनी ती पुन्हा नीट घातली आणि कार्यक्रम संपेपर्यंत समोर पाहत राहिले.

रात्री ओसरीवर त्यांनी व्याख्यानाचे निमंत्रणपत्र पालथे केले आणि शिसपेन्सिलीने त्यावर एक गट काढला. तीन बाजूंना शेजाऱ्यांचे गट नंबर घातले, चौथी बाजू तुटक रेषेने काढून मोकळी ठेवली. त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून ते म्हणाले, "माझी साखळी जिथं पोचली नाही तिथं मी 'मोजणी झाली नाही' असं लिहीत आलो. 'पुढे काही नाही' असं मी कधी लिहिलं नाही. तू आज ते लिहिलंस." मी दमले होते. अवकाश म्हणजे जमीन नव्हे, प्रसरणासाठी बाहेर मोकळी जागा लागत नाही, वगैरे मी पुन्हा सांगू लागले. त्यांनी ऐकून घेतले. त्यानंतर दोन वर्षांनी ते गेले, आणि त्या दोन वर्षांत त्यांनी मला आकाशाबद्दल एकही प्रश्न विचारला नाही.

त्या रात्री मी सांगितलेले सगळे खोटे नव्हते, हे मला आजही म्हणायचे आहे. प्रसरणाला बाहेरची जागा लागत नाही, हे खरेच आहे. विश्वाला मध्यबिंदू असल्याचा कोणताही पुरावा नाही, हेही खरे आहे. पण ध्रुवाची उपमा मी चुकीच्या जागी वापरली होती. स्टीफन हॉकिंग यांनी ती काळाच्या आरंभासाठी वापरली होती, महास्फोटाच्या आधी काय होते या प्रश्नासाठी. मी ती उचलून अवकाशाला लावली. अवकाशाला ती तेव्हाच लागू पडते, जेव्हा ते पृथ्वीच्या पृष्ठभागासारखे स्वतःत मिटलेले, सांत म्हणजे मर्यादित, पण बिनकाठाचे असते. ते तसे आहे, हे कोणी मोजून दाखवलेले नाही.

मोजले आहे ते वेगळेच, आणि ते अण्णांना सांगितले नाही याची खंत मला सर्वांत जास्त आहे. सपाट रानात त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८० अंश भरते आणि गोलाच्या पृष्ठावर ती वाढते, हे मोजणीचे काम करणाऱ्याला वेगळे शिकवावे लागत नाही. विश्वाच्या बाबतीत शास्त्रज्ञांनी नेमके हेच केले. त्या सूक्ष्मलहरींत उबदार आणि थंड ठिपके आहेत. त्यांची खरी लांबी भौतिकशास्त्राने काढता येते, त्यांचे अंतर ठाऊक आहे, आणि आकाशात ते साधारण एक अंशाएवढे दिसतात. पाया ठिपक्यावर आणि शिरोबिंदू आपल्या डोळ्यात, असा हा अवाढव्य त्रिकोण. २००९ सालीच अवकाशात गेलेल्या प्लांक उपग्रहाच्या मोजणीसह आजवरच्या मोजण्या सांगतात की, चुकीची मर्यादा धरून, अवकाश सपाट आहे. ही साखळीची आणि शंकूचीच मोजणी होती. मी सभामंडपात फुगा फुगवत बसले.

या सपाटपणातूनही उत्तर मिळत नाही. सपाट अवकाश अनंत असू शकते, किंवा इतके मोठे असू शकते की त्याचा बाक आपल्या तुकड्यात जाणवू नये. ते सपाट राहूनही स्वतःला जोडलेले असू शकते, म्हणजे एका बाजूने निघावे आणि दुसऱ्या बाजूने परत यावे. तसे असल्यास एकच जागा दोन बाजूंनी दिसून त्या सूक्ष्मलहरींत, आकाशात दोन ठिकाणी, जुळणारी वर्तुळे सापडण्याची शक्यता होती. ती शोधली गेली आणि सापडली नाहीत. आपल्यासारख्या अनेक विश्वांच्या बुडबुड्यांची कल्पना गणितातून निघते, पण ती तपासण्याचा मार्ग अजून कोणाच्या हाती नाही. मी ती मुलांना सांगते आणि लगेच थांबते.

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात आर्किटास नावाच्या ग्रीक विचारवंताने विचारले होते की, मी आकाशाच्या काठावर उभा राहिलो तर हात किंवा काठी पुढे करू शकेन की नाही? हे मी अण्णा गेल्यानंतर वाचले. त्यांच्या प्रश्नात आणि या प्रश्नात मला काहीच फरक दिसत नाही, आणि चोवीसशे वर्षांपूर्वीच्या माणसाला मी 'प्रश्नच चुकीचा आहे' असे म्हणाले नसते.

आता मी फळ्यावर अण्णांचा तो गट काढते आणि चौथ्या बाजूला 'मोजणी झाली नाही' असे लिहिते. हेच उत्तर पुरेसे आहे असे मला काही वर्षे वाटत होते. गेल्या मार्गशीर्षात नववीतल्या एका मुलीने हात वर केला आणि म्हणाली, "बाई, मोजणी झाली नाही आणि मोजणी कधी होणारच नाही, हे एकच आहे का?"

ते एकच नाही. आज सुमारे १,६०० ते १,७०० कोटी प्रकाशवर्षांपलीकडच्या दीर्घिकांतून जो प्रकाश निघेल, तो प्रसरणाचा वेग वाढत असल्यामुळे आपल्यापर्यंत कधीच पोहोचणार नाही. त्या दीर्घिकांचा जुना प्रकाश आपल्याला दिसतो. त्यांचा आजचा दिवस आपल्याला कायमचा बंद आहे. मला उजनी आठवले. १९८० साली ते धरण पूर्ण होण्याआधी बुडणाऱ्या रानांच्या मोजण्यांना अण्णा गेले होते. "दगड आहेत तिथंच आहेत, साखळी तेवढी नेता येत नाही," असे ते म्हणत. मी हे त्या मुलीला सांगितले. ती पळसदेवची होती. ती म्हणाली, "पण बाई, उन्हाळ्यात पाणी उतरलं की आमच्याकडचं देऊळ वर येतं."

मी तिला म्हणाले, हो, येते. त्या दीर्घिकांच्या बाबतीत पाणी उतरत नाही. मग चौथ्या बाजूला काय लिहायचे, असे तिने विचारले, आणि खडू माझ्या हातात होता.