ब्रूगेलचं ‘द हार्वेस्टर्स’ घरात लावायचं असेल तर

पीटर ब्रूगेलने 1565 मध्ये रंगवलेलं हे कापणीचं चित्र बरेच जण मोबाइलवर पाहतात आणि ‘निवांत खेडं’ म्हणून पुढे सरकतात. खरं तर यात निवांत एकच जण आहे, झाडाखाली पाय फाकवून झोपलेला. बाकीचे जेवतायत ते पाळीपाळीने, कारण डावीकडे कापणी थांबलेली नाही.

बघायला सुरुवात तिथूनच करा. गडी लांब दांड्याच्या विळ्याने उभ्याने कापतायत. शहापूर-मुरबाडकडे भात कापतात तसे वाकून नाही. जवळच उभ्या गव्हाच्या सावलीत पाण्याचं म्हणा, बिअरचं म्हणा, एक मडकं सारून ठेवलंय. गहू जवळजवळ खांद्याला लागतो. ही अतिशयोक्ती नाही, जुने वाण उंचच असत. बुटके वाण जगभर पसरले ते 1960 नंतर. उजवीकडे पेंढ्या एकमेकींना टेकवून उभ्या केल्यात, वारा लागून वाळाव्यात म्हणून. आपल्याकडे कापलेलं भात शेतातच आडवं पसरतात, काम तेच. मग पायवाटेने भारे घेऊन उतरणाऱ्या बाया, भरलेली गाडी, आणि पार लांब गावात मोकळ्या जागेवर खेळणारी माणसं.

हे लांबचं सगळं छपाईत मरतं. मूळ चित्र लाकडी फळीवर आहे, आणि ती फळी साधारण 119 बाय 162 सेंटिमीटरची आहे. ए-थ्री कागदावर (297 बाय 420 मिलिमीटर) तिची रुंदी पाव होते, म्हणजे क्षेत्रफळ सोळावा हिस्सा.

फाइल न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाच्या साइटवरून घ्या; चित्र तिथेच आहे आणि फुकट उतरवता येतं. ए-थ्रीच्या उंचीत बसवलं तर चित्र 297 बाय 404 मिलिमीटर होतं आणि दोन्ही बाजूंना 8-8 मिलिमीटर पांढरं उरतं. ते उरू द्या. ठाणे स्टेशनजवळच्या गर्दीच्या दुकानांत काउंटरवरचा मुलगा कागद भरून काढायला ‘फिल’ दाबतो. मग वरून आभाळ आणि खालून जमीन मिळून साधारण 12 मिलिमीटर जातात. ‘स्ट्रेच’ केलं तर त्याहून वाईट, माणसं रुंद होतात. छापण्याआधी स्क्रीनवर पाहिल्याशिवाय हो म्हणू नका.

404 मिलिमीटरला 300 डीपीआय (दर इंचाला 300 ठिपके) हवं तर रुंदीत सुमारे 4,770 पिक्सेल लागतात. 200 डीपीआयलाही चालून जातं, पण 3,200 च्या खाली नको. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून. फोटो म्हणून पाठवलं की फाइल दाबली जाते. ‘ऑटो एन्हान्स’ बंद ठेवायला सांगा, नाहीतर गव्हाचा मळकट सोनेरी रंग हळदीसारखा भडकतो आणि मागचं धुरकट आकाश पांढरं पडतं. चकचकीत लॅमिनेशन तर अजिबात नको, ट्यूबलाइट नेमकी जेवणाऱ्यांच्या डोक्यावर चमकते.

माझं ऐकाल तर पूर्ण चित्र एक आणि खालच्या उजव्या कोपऱ्यातलं जेवण वेगळं, ए-फोरवर, असं छापा. वाडगी, पाव आणि पेअरची फळं त्यातच दिसतात. जोडी लावताना पश्चिमेच्या उन्हाची भिंत टाळा, आणि फ्रेमच्या मागे चार कोपऱ्यांना कॉर्कचे तुकडे चिकटवा. पावसाळ्यात आपल्या भिंती घामेजतात आणि कागद आधी मागून फुगतो.