पायटेस्ट-एचटीटीपीसर्व्हरची मराठी टिपणं: ‘५००’चं पान तयार

मंडळी, पायटेस्ट-एचटीटीपीसर्व्हर ही पायथनची लायब्ररी टेस्टपुरता खोटा वेब-सर्व्हर चालवते; तिच्या मराठी टिपणांचा क्रम बदललाय. इन्स्टॉल, फिक्स्चर (टेस्टला तयार सर्व्हर हाती देणारी सोय), हँडलर (कुठल्या विनंतीला काय उत्तर द्यायचं ते) अशी रांग आता मागे गेली. जळगावच्या आपल्या बैठकीला भुसावळ-चोपड्याहून येणारी पोरं डॉक्युमेंटेशन उघडतात ती स्क्रीनवर एरर दिसल्यावरच. म्हणून पहिलं पान एररचं, आणि सगळ्यात जास्त छळणारी एरर म्हणजे ५००, म्हणजे ‘सर्व्हरमध्ये बिघाड’ सांगणारा कोड.

टेस्टमध्ये आपण सांगून ठेवतो: ‘/भाव/रावेर’ची विनंती आली की केळीचा हा भाव दे. कोडनं मागितलं ‘/भाव/यावल’, किंवा हँडलरला फक्त गेट (माहिती मागणारी विनंती) सांगितलेलं असताना पोस्ट (माहिती पाठवणारी) केलं, की जुळणारा हँडलर सापडत नाही आणि टेस्टचा सर्व्हर ५०० पाठवतो. पोरं आपल्या खऱ्या सर्व्हरमध्ये बिघाड शोधत बसतात. हँडलर सापडला नाही, हे त्या रिस्पॉन्सच्या बॉडीतच, म्हणजे उत्तराच्या मजकुरातच, लिहिलेलं असतं! त्यामुळे पानाची पहिली ओळ: आधी बॉडी प्रिंट करा.

याच पानाचा पुढचा भाग मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. कोडमधला ट्राय-एक्सेप्ट (एरर पकडणारा भाग) ५०० गिळून टाकत असेल, तर टेस्ट हिरवीच दिसते. शेवटी ‘चेक_असर्शन्स’ कॉल केलं, तरच न जुळलेली विनंती उघडी पडते. एकच टेस्ट दोनदा दिलीय, एकदा त्या ओळीसह आणि एकदा तिच्याविना. दोन्ही चालवून बघाच.

हँडलरच्या प्रकारांना थोडक्यात उरकलंय. साधा हँडलर कितीही वेळा उत्तर देतो, वनशॉट एकदाच, ऑर्डर्डला क्रम लागतो. उदाहरण ट्रक बुकिंगचं: लॉगिन, गाडीची नोंद, पावती. क्रम मोडला की पुढच्या प्रत्येक विनंतीला ५००, म्हणून तिथून पहिल्या पानाची लिंक दिलीय.

देवनागरी पाथवर (पत्त्यातल्या ‘/भाव/रावेर’सारख्या भागावर) मात्र सविस्तर लिहिलं, कारण आपली उदाहरणं मराठीतच हवीत. ‘रावेर’ म्हणजे र, काना, व, मात्रा, र: पाच कोडपॉइंट (युनिकोडमधली चिन्हं), यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत प्रत्येकी ३ बाइट, एकूण १५. पर्सेंट-एन्कोडिंगनंतर (प्रत्येक बाइट % आणि दोन अक्षरांत लिहिल्यावर) एका बाइटची तीन अक्षरं होतात, म्हणजे यूआरएलमध्ये ४५. लॉगमध्ये ही माळ बघून घाबरू नका. सर्व्हर पाथ डिकोड करूनच जुळवतो, तेव्हा हँडलरमध्ये सरळ ‘रावेर’ लिहायचं.

पोर्टचा (सर्व्हर ज्या क्रमांकावर ऐकतो त्याचा) आकडा कुठल्याच उदाहरणात नाही. सर्व्हर मुळात पोर्ट ० मागतो आणि ऑपरेटिंग सिस्टिम मोकळा असलेला एखादा देते. पत्ता ‘यूआरएल_फॉर’कडून घ्यायचा. शिवाय सर्व्हर लोकलहोस्टवर, म्हणजे आपल्याच मशीनवर, चालतो. पॅकेज एकदा उतरवलं की नेट लागत नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत रेंज जाते-येते, तिथल्या पोरांसाठी हे ठळक अक्षरांत टाकलंय.

उदाहरणं पानात टाइप केलेली नाहीत. प्रत्येक उदाहरण ही खरी टेस्ट-फाइल आहे आणि टिपणांची पानं बनवणाऱ्या स्फिंक्सचं ‘लिटरलइन्क्लूड’ तिथूनच कोड उचलतं. लायब्ररीची नवी आवृत्ती आली की आधी सगळ्या फाइल्स चालवायच्या. उदाहरण मोडलं तर लगेच कळेल.

आता एचटीटीपीएसचं पान घेतोय. धुळे-नंदुरबारकडे कुणाकडे विंडोज मशीन असेल तर ‘५००’च्या पानावरची उदाहरणं तिथे चालवा आणि काही अडलं तर पूर्ण ट्रेसबॅक (एररसोबत येणारा सगळा मजकूर) पाठवा, नुसता स्क्रीनशॉट नको.