लॅपटॉपवरच्या दऱ्या, टॅबवरचा दर्या

सप्टेंबरात वाईला कास पठाराविषयी बोलायला बोलावलं होतं. संध्याकाळचा कार्यक्रम, साठ-सत्तर माणसं, बहुतेक निवृत्त शिक्षक आणि बँकेतले लोक. तिसऱ्या का चौथ्या स्लाइडलाच पुढच्या रांगेतल्या एक आजी हात वर करून म्हणाल्या, "बाई, सह्याद्रीत दर्या कुठून आला?" मी वळून पडद्याकडे बघितलं तर भल्या मोठ्या अक्षरात होतं, 'सह्याद्रीचे कडे आणि दर्या'. मी 'दऱ्या' लिहिलं होतं हो. घरी लॅपटॉपवर दऱ्याच होत्या, आदल्या रात्री साडेबाराला मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्या होत्या. टॅबवर जाईपर्यंत त्यांचा समुद्र झाला.

मी भूगोल शिकवते, अकरावी-बारावीला, साताऱ्याजवळ, एकोणीस वर्षं झाली. मुलांच्या पेपरात 'दऱ्या'चं 'दर्या' दिसलं की मी लाल गोल करते. त्यामुळे त्या आजींसमोर, ज्यांनी आयुष्यभर मराठी शिकवलं असं नंतर कळलं, मला जे वाटलं ते अजून जात नाहीये. म्हणून हे सगळं सविस्तर लिहायला बसलेय, कारण लॅपटॉपवरनं टॅबवर फाइल न्यायची म्हणजे काय काय होतं हे मला त्या दोन दिवसांत पुरतं कळलं.

आधी टॅब कशाला ते सांगते. लॅपटॉप जुना आहे, चार्जरसकट अडीच-तीन किलो होतो, आणि मी एसटीनं फिरते. शिवाय पठारावर मुलांना घेऊन गेलं की टॅब हातात धरून दाखवता येतो, म्हणजे समोर गेंदाची पांढरी बोंडं आहेत आणि टॅबवर त्याचाच जवळून काढलेला फोटो, बोटांनी मोठा करून दाखवायचा, वर पेननं गोल काढायचा. सीतेची आसवं हे फूल इतकं इवलं असतं की चाळीस मुलं वाकून बघायला लागली तर पायाखालची शंभर तुडवली जातात, तिथे टॅब फार कामाचा. कास 2012 साली जागतिक वारशाच्या यादीत आलं तेव्हापासून गर्दी किती वाढलीय ते साताऱ्यातल्या कुणालाही विचारा, त्यामुळे फोटोवर शिकवणं ही माझ्यासाठी हौस नाही, गरज आहे.

तर फाइल होती 214 एमबीची. मेलवर जात नाही कारण तिथे 25 एमबीची मर्यादा. पेनड्राइव्ह लावला तर टॅब म्हणाला हा ड्राइव्ह चालत नाही, फॉरमॅट करायचा का? त्या पेनड्राइव्हमधे माझे बारा वर्षांचे पठारावरचे फोटो आहेत आणि रात्री अकरा वाजता झोपेत माणूस 'हो' दाबू शकतो, इतका सहज तो प्रश्न विचारलेला होता. नंतर कळलं की पेनड्राइव्ह एनटीएफएस पद्धतीनं फॉरमॅट केलेला होता, विंडोजला ती पद्धत वाचता येते, बऱ्याच अँड्रॉइड टॅबना येत नाही. एक्सफॅट केला असता तर दोन्हीकडे चालला असता. पण मग तसं सांगा ना, की बाई तुमचा ड्राइव्ह चांगला आहे, मला वाचता येत नाही एवढंच. सरळ पुसून टाकू का असं काय विचारायचं.

मग ती व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवली, डॉक्युमेंट म्हणून, तिथे 2 जीबीपर्यंत जातं. आमच्याकडे रात्री नेट बरं असतं तरी अर्धा तास गेला. ती टॅबवर उतरवली, उघडली, आणि आता बघते तर पहिल्या अकरा स्लाइडवर मराठीच नाही. नुसती इंग्रजी अक्षरं, मधेच कंस, मधेच स्वल्पविराम, काही अर्थ नाही.

हा भाग मला लगेच कळला कारण तो जुना रोग आहे. त्या अकरा स्लाइड आमच्या विभागातल्या आधीच्या सरांच्या, त्यांनी वीस वर्षांपूर्वी खपून टाइप केलेल्या. बेसाल्टचे थर, जांभा कसा तयार होतो, पठारावर माती का टिकत नाही, इतकं सोपं करून लिहिलंय की मी त्यातला एक शब्द बदललेला नाही. पण ते सगळं युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमधलं. त्या फॉन्टमधे मराठी अक्षर हे फक्त दिसायला मराठी असतं, आत इंग्रजीच कळ साठवलेली असते. कृतिदेव नावाच्या अशा जुन्या फॉन्टमधे 'भारत' लिहिलं तर फाइलच्या दृष्टीनं ते एच के के जे आर असतं, तो फॉन्ट त्यावर देवनागरीचं चित्र चढवतो. माझ्या लॅपटॉपवर असे सगळे जुने फॉन्ट टाकलेले आहेत म्हणून मला इतकी वर्षं कधी जाणवलंच नाही. टॅबवर तो फॉन्ट नाही, मग चित्र गळून पडलं आणि खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडली. फाइल गेली, सरांचे शब्द लॅपटॉपवरच राहिले.

ऑनलाइन कन्व्हर्टर असतात, मी एक वापरून बघितला, तर जोडाक्षरं आणि रफार इकडचे तिकडे. मग रात्री बसून त्या अकरा स्लाइड हातानं परत टाइप केल्या, लॅपटॉपवर, युनिकोडमधे. टाइप करताना सरांची खूप आठवण आली. ते एका ओळीत लिहितात, 'जांभा म्हणजे बेसाल्ट पावसात कुजून उरलेली हाडं.' आता हे वाक्य कुणाच्या तरी लॅपटॉपवर फॉन्ट आहे म्हणून जिवंत होतं. तो लॅपटॉप गेला असता की ते गेलं असतं. अशी किती शाळा-कॉलेजांची कपाटं आणि हार्डडिस्क असतील, जिथे जन्मभराची मेहनत एका फॉन्टवर टांगलेली आहे.

साडेबाराला सगळं झालं, लॅपटॉपवर एकदा बघितलं, फाइल परत पाठवली, टॅबवर उघडून पहिल्या दोन स्लाइड बघितल्या, मराठी दिसलं, झोपले. इथे माझं चुकलं. सगळ्या स्लाइड बघायला हव्या होत्या.

आता दऱ्यांचं. घरी आल्यावर दोन दिवस हेच शोधत होते. युनिकोडमधे हा आडवा छोटा र, म्हणजे दऱ्या, वाऱ्यावर, खोऱ्यात मधला, दोन प्रकारे लिहिता येतो. एक, नेहमीचा र, त्याला हलन्त, म्हणजे पाय मोडायचं चिन्ह, आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह, जे फक्त सांगतं की बाबा इथे वरती रफार काढू नको, आडवा र काढ. दोन, ऱ हे वेगळं अक्षर, खाली नुक्ता असलेलं, युनिकोडमधे त्याला स्वतःचा क्रमांक आहे 0931, त्याला हलन्त दिलं की आपोआप आडवा र येतो. लॅपटॉपवर दोन्ही अगदी सारखे दिसतात, काही म्हणजे काही फरक नाही. पण मी टॅबवर जे ॲप वापरत होते त्यानं फाइल उघडताना ते न दिसणारं चिन्ह गाळून टाकलं होतं. चिन्ह गेलं की उरतं र, हलन्त, य. म्हणजे र्य. म्हणजे दर्या.

हिंदीत हा आडवा र लागतच नाही. मराठीत लागतो, कोकणीत, नेपाळीत लागतो. देवनागरी चालते का म्हणून कुणी हिंदी मजकूर टाकून बघितलं तर सगळं ठीकच दिसणार, आणि आपल्याकडे मात्र आचाऱ्यांना बोलावलं की आचार्य येणार. त्यातून भूगोल. भूगोलाइतका हा र दुसऱ्या कुठल्या विषयात लागत असेल असं मला वाटत नाही. दऱ्या, कृष्णेच्या खोऱ्यात, किनाऱ्यावर, वाऱ्याची झीज, वायुभारमापकातल्या पाऱ्याची उंची. माझ्या त्या एका फाइलमधे हा र एकतीस वेळा होता, त्यातले तेवीस मोडले. उरलेले आठ का वाचले? कारण त्या स्लाइड मी कॉलेजच्या कंप्युटरवर इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीनं टाइप केल्या होत्या, तिथे र च्याच कळीवर शिफ्ट धरलं की ऱ येतो, आणि मला आमच्या टायपिंगच्या बाईंनी तशीच सवय लावली होती. घरी लॅपटॉपवर मी उच्चाराप्रमाणे टाइप करायचं साधन वापरते, ते पहिला प्रकार टाकतं, मला न विचारता.

आणखी एक बारीक गोष्ट, जी कार्यक्रमात कुणाला खटकली नाही पण मला खटकली. टॅबवर 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसत होते. आपला ल कसा दोन पाकळ्यांचा, श कसा देठाचा. आपल्या राज्य शासनानं 2009 साली वर्णमालेचा निर्णय काढून हे वळण ठरवून दिलंय आणि पुस्तकांत मुलं तेच बघतात. 'लाल शाल' असं लिहून दोन मशीनवर बघा म्हणजे कळेल. फॉन्टमधे बहुतेक वेळा दोन्ही वळणं असतात, मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदवलेली असेल तर आपलं वळण येतं, पण हे नोंदवायचं असतं हेच कुठे माहीत असतं.

बाकीचे त्रास पटकन सांगते. पठारावरच्या वाऱ्याचा एक व्हिडिओ होता, तिथे काळा चौकोन आला, कारण तो फाइलच्या आत घातलेला नव्हता, नुसती लिंक होती, आणि व्हिडिओ माझ्या लॅपटॉपच्या फोल्डरमधे घरी. टॅबचा टाइप-सी पोर्ट फक्त चार्जिंग आणि डेटाचा निघाला, त्यातून प्रोजेक्टरला चित्र जातच नाही, अ‍ॅडॉप्टर विकत घेऊनही. तिथले शिपाईमामा, "मॅडम थांबा, वायफायनं लावून बघू," म्हणाले आणि त्यांनीच लावून दिलं म्हणून कार्यक्रम झाला. चित्र एक-दीड सेकंद मागे यायचं तेवढं.

पण ज्याचं मनाला लागलं ते नंतरचं. परत येताना एसटीत मी टॅबवरच नऊ स्लाइडखाली टिपा लिहिल्या. लोकांनी काय काय सांगितलं ते. एका आजोबांनी टोपली कारवी हे झुडूप सात वर्षांनी फुलतं त्याचे त्यांच्या लहानपणचे हिशेब सांगितले, कोणत्या वर्षी घरात काय झालं आणि तेव्हा कारवी फुललेली होती का. एका काकूंनी सोनकीच्या फुलाला त्यांच्या गावात काय म्हणतात ते सांगितलं. घरी येऊन लॅपटॉपवर दऱ्या दुरुस्त केल्या आणि तीच फाइल त्याच नावानं टॅबवर पाठवली, 'आधीची फाइल बदलायची का' म्हणून विचारलं, मी हो म्हटलं. नऊ स्लाइडच्या टिपा गेल्या. आठवून परत लिहिल्या, पण आजोबांच्या कारवीची वर्षं मला नक्की आठवत नाहीत, त्यामुळे ती मी लिहिली नाहीत. त्यांचा नंबर मी घेतला नव्हता. वाईला परत जाईन तेव्हा विचारणार आहे.

आता मी काय करते ते सांगते, कुणाला उपयोग झाला तर बरंच. आधी फोटो बारीक करते. माझ्या कॅमेऱ्याचा एक फोटो 6000 गुणिले 4000 ठिपक्यांचा, म्हणजे दोन कोटी चाळीस लाख ठिपके, आणि गावोगावचे प्रोजेक्टर अजून 1024 गुणिले 768 चे असतात, आठ लाखसुद्धा नाहीत. तीसपट ओझं मी उगाच एसटीतून वाहत होते. पॉवरपॉइंटची पीपीटीएक्स फाइल ही मुळात एक झिपच, म्हणजे अनेक फाइलींचं गाठोडंच असते, तिची कॉपी करून नावापुढे झिप लावलं की आत मीडिया नावाच्या फोल्डरमधे एकेक फोटो किती जड आहे ते दिसतं. पिक्चर कॉम्प्रेस करून 214 ची फाइल 38 एमबीवर आली आणि पडद्यावर तसूभर फरक नाही. व्हिडिओ आतच घालते, एमपी4 करून. पेनड्राइव्हवरचे फोटो दुसरीकडे ठेवून तो एक्सफॅट केला. मराठीला 'मुक्त' नावाचा फॉन्ट वापरते, मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट करणाऱ्या मंडळींनी केलेला, फुकट आहे, दोन्हीकडे टाकता येतो. फाइलच्या नावात तारीख आणि कुठल्या मशीनवर बदल केला ते लिहिते, 'कास 14 ऑक्टो टॅब' असं, आणि 'बदलायचं का' ला कधीही हो म्हणत नाही.

आणि लॅपटॉपवर फाइंड-रिप्लेस लावून सगळे आडवे र दुसऱ्या प्रकारचे केले, एकतीसच्या एकतीस. जोडीला पीडीएफ ठेवते. पीडीएफमधे अक्षरं मोडत नाहीत पण लाव्हाचे थर एकावर एक येतात ते ॲनिमेशन जातं, सगळे थर एकदमच दिसतात, आणि ते एकामागून एक चढताना दिसणं हेच तर मुलांना समजायचं असतं. त्यामुळे पीडीएफ अगदीच अडलं तर.

पुढच्या रविवारी कऱ्हाडला बोलायचंय. कऱ्हाड मधेही तोच र. काल रात्री टॅबवर 52 च्या 52 स्लाइड एकेक करून मोठ्यानं वाचल्या. चौथ्या स्लाइडवर दऱ्या आहेत.