दहा बायांचा कापूस अन् माझा कॅमेरा

दिवाळीत गावी होतो, यवतमाळकडे, घरी कापसाची वेचाई चालू. संध्याकाळी बाया आपापलं गाठोडं काट्यावर टाकतात, बाबा वहीत किलो लिहितात, किलोवर मजुरी. तिथंच बाबांनी विचारलं, तू तिकडं शिकते तरी काय? म्हटलं कॅमेरा. तर म्हणे, "मोबाईलमंदी हायेच ना थो."

मोबाईल फक्त लाल, हिरवा, निळा मोजतो हो. पऱ्हाटीवर लाल्या (कापसाच्या झाडाची पानं लाल पडायचा रोग) नीट ओळखायचा तर रंगपट्टे, म्हणजे रंगांचे बारीक बारीक भाग, याहून जास्त मोजलेले बरे, अन् रेघ रेघ स्कॅन करत बसलं तर वाऱ्यानं झाड हललं की फोटो गेला. म्हणून ड्यूक विद्यापीठात डेव्हिड ब्रॅडींच्या ग्रुपनं 2007 च्या सुमारास एकाच शॉटमधे सगळे रंग घ्यायचा जुगाड केला. आमच्या गोठ्याच्या तुराट्यांच्या कुडातून जसं ऊन ठिपक्याठिपक्यानं येतं तशी भोकांची एक जाळी, पुढं प्रिझम, तो प्रत्येक रंग थोडाथोडा बाजूला सरकवतो, अन् सेन्सरवर सगळं एकमेकांत मिसळून पडतं. 256 बाय 256 पिक्सेलचा फोटो, 28 रंगपट्टे, म्हणजे 18 लाखाच्या वर आकडे काढायचे अन् हातात असतात सेन्सरनं मोजलेले 72 हजार. गणित सुटायलाच नको खरं तर.

मग बाबांना काट्यावरच दाखवलं. दहा बाया, प्रत्येकीचा कापूस 30 किलो धरा, एकीचाच कमीजास्त. तर दहा वेळा तोलायचं कामच नाही, गाठोडी वेगवेगळी मिसळून चारदा तोला, कोणाचं अन् किती ते निघते. 2006 मधे कांदेस, ताओ, डोनोहो या गणितज्ञांनी पक्कं केलं ते साधारण हेच, बदल थोड्या ठिकाणी असेल तर थोडी मोजमापं पुरतात.

बाबा जरा थांबले. "अन् दोघींचा कमीजास्त निघाला तं?"

बस, माझ्या गाईडनं पण हेच विचारलं होतं, फक्त इंग्रजीत. शेजारचे पिक्सेल सारखेच असणार असं धरून मी रंग परत काढतो, त्यात हिरव्या पानांमधलं एकटं लाल पान पार पुसून जातं, अन् मला तर तेच पान पाहिजे! वरून पान जवळ की दूर, तिरपं की सरळ यानं पण उजेड बदलतो, म्हणून पान किती दूर तेही त्याच शॉटमधून काढायचं, म्हणजे अजून आकडे वाढले.

सध्या जाळी बदलून तीन शॉट घेतोय. रंग बरे येतात, पण तीन शॉट म्हटलं की परत वारा आलाच. बाबा म्हणे, "तुले काट्यावर बसवलं तं बाया उद्यापासून दुसऱ्याच्या वावरात जातीन."