काकीचं पंचाहत्तरावं

२०२५ च्या चवथीला आमच्या वाड्यावरच्या मंडळाने पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांचा सत्कार ठरवला आणि यादी काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण काय तर मी कॉम्प्युटरवर असतो. डिचोलीत अशा माणसाला प्रिंटर दुरुस्तीपासून पत्रिका बनवण्यापर्यंत सगळं येतं असं लोक धरूनच चालतात. म्हटलं जन्मतारखेवरून वय काढायचं, पाच मिनिटांचा प्रोग्रॅम, त्यात काय.

२०२५ वजा १९५०, पंचाहत्तर, काकी यादीत. चिटणीस म्हणाले, अरे तिचा जन्म ४ डिसेंबरचा, चवथ २७ ऑगस्टला, कसली पंचाहत्तर? मग मी हुशारी केली, सगळे दिवस मोजून ३६५.२५ ने भागले. मोठ्यांची वयं बरी आली, पण भाचीच्या पहिल्या वाढदिवसाची तारीख टाकून बघितली तर वय शून्य! ३६५ दिवसांना ३६५.२५ ने भागलं की एकाला जरासं कमीच पडतं ना. इकडे केक कापून झाला आणि प्रोग्रॅमच्या लेखी बाळ अजून वर्षाचं व्हायचंय.

तेव्हा डोक्यात शिरलं, दिवस नाही मोजायचे, झालेले वाढदिवस मोजायचे. त्याची एक जुनी युक्ती आहे, मला फार आवडते. दोन्ही तारखा वर्ष, महिना, दिवस अशा सलग लिहायच्या आणि सरळ वजाबाकी: २०२५०८२७ मधून १९५०१२०४ गेले, राहिले ७४९६२३, शेवटचे चार आकडे उडवले की ७४. वाढदिवस यायचा असला की हातचा आपसूक वर्षातनं घेतला जातो, शाळेत घ्यायचो तसाच. (२९ फेब्रुवारीवाले मात्र यात साध्या वर्षी १ मार्चला मोठे होतात.)

काकीला सांगायला गेलो तर ती नेवऱ्यांच्या, म्हणजे करंज्यांच्या, कडा दुमडत बसलेली. म्हणाली, "पंचाहत्तरावं चालूय ना, मग? गोवा मुक्त झाला तेव्हा मला अकरा पुरी होऊन पंधराच दिवस झालेले, तिथनं मोज."

मोजलं, बरोब्बर. पण बऱ्याच प्रोग्रॅमांचं घड्याळ १ जानेवारी १९७० पासून चालू होतं, त्याआधीचं सगळं उणे, म्हणजे १९ डिसेंबर १९६१ चा मुक्तिदिन उणे २९३५ वा दिवस आणि काकीचा जन्म उणे ६९६८. हे मी तिला कौतुकाने सांगितलं.

"उणे?" काकीने हातातली नेवरी खाली ठेवली. "काय रे उणं दिसलं त्याला माझ्यात?"